‘बिग्रज’चं पुडकं

१. फट

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मावशीच्या लक्षात आलं, की ‘बिग्रज’ हे इंग्रजी क्रियापद कार्यालयातून नाहीसं झालंय.

‘बी’च्या चौथ्या खणात डावीकडे ‘बिग्राइम’चं पुडकं होतं, उजवीकडे ‘बिगाइल’चं, आणि मधे दोन बोटांची फट. काल साडेपाचला तिने स्वतः दोऱ्याची गाठ मारून ते पुडकं तिथे ठेवलं होतं. एक्केचाळीस चिठ्ठ्या. तिने फटीत हात घालून मागपर्यंत चाचपलं. हाताला लाकूड लागलं, बाकी काही नाही.

इंग्रजी-मराठी कोशाच्या या कार्यालयात माणसं पाच आणि चिठ्ठ्या सव्वा लाख. प्रत्येक शब्दाचं एक पुडकं. त्याचा अर्थ, त्याचं मूळ, तो कुठे कसा वापरला गेला त्याचे उतारे, सगळं पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्यांवर. नोंद छापायला जाण्याआधी मावशी प्रूफ आणि चिठ्ठ्या शेजारी-शेजारी मांडून अक्षर न अक्षर ताडून बघायची. चिठ्ठी नाही तर छपाई नाही, हा नियम नानांचा. नाना म्हणजे प्रमुख संपादक, आणि त्यांचा नियम म्हणजे भिंत.

आणि आजच पाच वाजता विश्वस्त कोशाचं नमुना-पान न्यायला यायचे होते. त्या पानावर एकच नोंद, ‘बिग्रज’ची, आणि खाली ती लिहिणाऱ्याचं नाव. पुढच्या बारा खंडांत कोणाचंच नाव कुठे येणार नव्हतं. फक्त या पानावर, फक्त एक.

ते नाव मावशीचं नव्हतं.

फट बघून तिला धक्का बसला, हे खरं. पण धक्क्याच्याही आधी, पापणी लवायच्या आत, आणखी काहीतरी होऊन गेलं होतं. उन्हातून आल्यावर गार पाणी पोटात जावं, तसं.

तिला बरं वाटलं होतं.

२. नेमणूक

मावशी कोणाची मावशी नव्हती. ती मुद्रितशोधक होती, बावीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी व्युत्पत्तीवाली, म्हणजे शब्दांची मुळं शोधणारी, नोकरीला लागली, पहिल्याच दिवशी तिच्याजवळ येऊन म्हणाली, “मावशी, पाणी कुठे मिळेल?” आणि दुपारपर्यंत सगळं कार्यालय मावशी म्हणायला लागलं. आपल्यापेक्षा फक्त अकरा वर्षांनी लहान असलेल्या बाईने मावशी म्हणावं, हे एक वेळ गिळता आलं असतं. पण वीस वर्षांनी मोठे असलेले नानासुद्धा मावशीच म्हणू लागले, तेव्हा ते घशात अडकलं ते अडकलंच. आल्या आल्या त्या बाईला खिडकीजवळचं टेबल मिळालं, आणि आता नमुना-पानावरचं नाव. मावशीचं टेबल हात धुवायच्या बेसिनला लागून.

नाना आपल्या खोलीत लांबट लाकडी पेटीवर वाकून बसले होते. त्या पेटीत उलटी सूची होती. मराठी शब्द आधी, त्यांना इंग्रजी नंतर, अशी ती यादी कोशाच्या शेवटी जायची होती. तीस वर्षं नाना एकटेच ती करत होते. पेटीला हात लावायची कोणाची प्राज्ञा नव्हती.

“गेलं?” सगळं ऐकून त्यांनी विचारलं. “विश्वस्तांना काय तोंड दाखवू?”

“शोधते मी.”

“तुम्हीच शोधा. चूक शोधण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही.” त्यांनी पेटीचं झाकण लावलं. “मी कोणाचं नाव घेत नाही, मावशी. पण कधीकधी लिहिणाऱ्यालाच आपल्या नोंदीची धास्ती वाटते. उतारे तपासले जातील, एखादा कच्चा निघेल. पुडकंच नसलं, की प्रश्न मिटला.”

“म्हणजे तिनेच...”

“मी नाव घेतलेलं नाही.” त्यांनी समोरची फाइल ओढली. “उपसंपादकाची जागा भरायची आहे.”

“ती तिला देणार होतात ना?”

“होतो,” नाना म्हणाले.

मावशीने चष्मा पुसला. काच आधीच स्वच्छ होती.

३. अर्थ

नोंदींचे अर्थ लिहिणाऱ्या अर्थवाल्यांना बोटं मोजत बोलायची खोड होती.

“एक, पुडकं मी घेतलेलं नाही. दोन, घेतलं असतं तर तुम्हाला सांगितलं नसतं. तीन, म्हणून पहिल्या मुद्द्याला काडीची किंमत नाही. विचारा पुढे.”

“तिची नोंद निवडली तेव्हा काय झालं?”

“आता बघा. या क्रियापदाचे अर्थ दोन. एक, दुसऱ्याला मिळालेलं आपल्याला सहन न होणं. दोन, स्वतःला काही द्यावं लागतंय ते देणं जिवावर येणं. दुसरा सोपा. पहिल्याने माझा जीव खाल्ला. ‘हेवा वाटणे’ लिहिलं, तर ‘एन्व्ही’लाही हेवाच. मग फरक काय?”

“काय?”

“एन्व्हीमध्ये तुमची वस्तू मला हवी असते. बिग्रजमध्ये ती मला नसली तरी चालेल, तुमच्याकडे नको.” ते स्वतःवरच खूश झाले आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. “हा फरक मी काढला, मावशी. मी! आणि शब्द दिला तिने.”

“कुठला?”

“‘न बघवणे’. त्याचं बरं झालेलं हिला बघवत नाही. बैठकीत सहज बोलून गेली, पेन्सिलीला टोक करता करता. मूळ शोधायला ठेवलेली बाई, मराठी प्रतिशब्द हा तिचा प्रांत तरी आहे का?”

“मग?”

“मग काय! नाना तर दोन मिनिटं बोलेचनात. याच शब्दाला त्यांनी तरुणपणी अडीच ओळींचा अर्थ लिहून ठेवलाय. पुडक्यातली पहिली चिठ्ठी तीच. शेवटी म्हणाले, ‘तीस वर्षांत मला हे सुचलं नाही. नमुना-पान हिचं.’ विश्वस्तांना फोनही तिथल्या तिथे. आता माघार कशी घेणार?”

“आणि पुडकं सापडलंच नाही तर?”

“तर पुढची तयार नोंद जाईल. ‘बिगाइल’ची.”

“ती कोणी लिहिलीय?”

अर्थवाल्यांचं वर आलेलं बोट तसंच हवेत राहिलं.

“मी,” ते म्हणाले.

४. वापर

“माझी बायको म्हणते, ‘तुमचं काही खरं नाही.’ साडू म्हणतो, ‘भाऊजी, माणसांत या.’ मी स्वतः काही म्हणत नाही, मावशी. मी फक्त टिपून घेतो.”

हे वापरवाले. वर्तमानपत्रं, कादंबऱ्या, औषधाच्या बाटलीवरची लेबलं, सगळीकडून उतारे गोळा करणारे. पहिले उतारे त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांच्या मागे लिहिले होते. त्या पत्रिका अजून कपाटात होत्या, ‘ए’पासून ‘एसी’पर्यंत.

“एक्केचाळिसातल्या तुमच्या किती?”

“चौतीस. त्यातल्या एकोणतीस नकारात. ‘त्याच्या यशाबद्दल मला काही वाटत नाही.’ ‘तिचं चांगलं झालं, माझं काही म्हणणं नाही.’ फार लबाड क्रियापद आहे. माणूस ते तोंडातून काढतो तेच बहुधा ‘मी तसा नाही बरं का’ हे सांगायला.”

“उरलेल्या पाच?”

“दुसऱ्याबद्दल. ‘बघा, तो कसा जळतोय.’ स्वतःबद्दल सरळ कबूल करणारा उतारा सात वर्षं शोधतोय. मिळत नाही.”

“चौतीस चिठ्ठ्या तुमच्या आणि पानावर नाव तिचं. टोचलं नाही?”

“छे हो! मला त्याचं काही...” ते थांबले. हसले. मग हसू हळूहळू उतरलं. “तिसावी घ्या लिहून.”

मावशीलाही हसू आलं. ती उठायला लागली तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला.

“काल मी छत्री विसरलो होतो. सहाला परत आलो. कपाटांच्या रांगेमागे दिवा होता.”

“कोण होतं?”

“दिसलं नाही. मी दारातूनच छत्री उचलली. पण आतून पुटपुटणं ऐकू येत होतं. बाई की पुरुष, तेही कळेना. नुसतं तोंडातल्या तोंडात, एकसारखं.”

५. मूळ, शेवटाकडून

व्युत्पत्तीवालीने दार आपटलं.

त्याच्या क्षणभर आधी ती म्हणाली होती, “तुम्हाला मीच हवी आहे ना, मावशी? मग विचारायचं सोंग कशाला? लिहून टाका माझं नाव.”

त्याच्या आधी मावशीने विचारलं होतं, “उतारे कच्चे होते का गं? भीती वाटली का तपासणीची?” विचारताना आवाजात इतका गोडवा आला होता, की तो तिचा तिलाच चिकट लागला.

त्याच्या आधी व्युत्पत्तीवालीने सांगितलं होतं, “मी काल पाचलाच गेले. आईला दाखवायला न्यायचं होतं डॉक्टरकडे. नानांना विचारा, त्यांनीच सोडलं. आम्ही दोघी साडेसहापर्यंत दवाखान्यात बसून होतो, नंबर येईना.”

हे तिने सांगितलं, कारण त्याच्या आधी मावशीने कपाटापाशी ऐकू आलेल्या पुटपुटण्याचा विषय काढला होता. आणि तो विषय निघाला, कारण त्याच्याही आधी व्युत्पत्तीवाली अगदी रंगात येऊन बोलत होती. “या शब्दाचं मूळ भारी आहे, मावशी. ‘बी’ नुसता जोर द्यायला. मागे उरतो ‘ग्रज’. त्याच्या मागे जुनं फ्रेंच क्रियापद, ग्रुशिए. त्याचा अर्थ पुटपुटणं, कुरकुरणं. मत्सर-बित्सर नंतर चिकटला. सुरुवातीला नुसता आवाज होता, ओठांतल्या ओठांत.”

आणि या सगळ्याच्या अगदी आधी, मावशी खिडकीजवळच्या त्या टेबलाशी येऊन उभी राहिली तेव्हा, तिला तिथे दोन कप दिसले होते. दोन्ही रिकामे. एकाच्या बशीत नानांच्या चष्म्याची दोरी राहिलेली.

बावीस वर्षांत नाना बेसिनपाशी कधी चहाला बसले नव्हते.

६. अहवाल, पहिला खर्डा

“पुडकं व्युत्पत्ती विभागातील बाईंनी लपवले, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण”

७. कारणाच्या पुढे

कारणाच्या पुढे पेन चालेना.

दुपारचे अडीच वाजले होते. मावशीने तो कागद दुसऱ्या कोणाचं प्रूफ असल्यासारखा समोर धरला. असं वाक्य अर्थवाल्यांनी लिहिलं असतं तर तिने समासात मोठं प्रश्नचिन्ह काढलं असतं. पुरावा कुठाय? काल साडेपाचला पुडकं जागेवर होतं. सहाला कपाटापाशी कोणीतरी होतं. आज सकाळी कार्यालय तिनेच उघडलं. आणि ती दुसरी साडेसहापर्यंत दवाखान्यात. या चार ओळी सकाळपासून तिच्यासमोर होत्या. तिने त्या वाचल्या नव्हत्या, कारण तिला वाचायच्या नव्हत्या.

तिने कागद उलटा केला आणि कोण हा प्रश्न बाजूला ठेवून कुठे या प्रश्नाला हात घातला.

पुडकं कोणी फाडलं किंवा जाळलं असेल? शक्य नाही. या कार्यालयात चिठ्ठी फेकणारा माणूस नव्हता. वाळवीने कुरतडलेली चिठ्ठी अर्थवाले नव्या कागदावर चिकटवून ठेवत. चहा सांडलेली चिठ्ठी वापरवाल्यांनी दोरीवर वाळत घातलेली तिने पाहिली होती. घरी नेलं असेल? चिठ्ठी बाहेर न्यायची कल्पनासुद्धा इथे कोणाला सुचली नसती. म्हणजे ते इथेच, सव्वा लाख चिठ्ठ्यांत.

पण भलत्याच खणात कोंबलेलं? तेही नाही. एकदा अर्थवाले तापाने फणफणलेले असताना अर्ध्या वाटेतून परत आले होते. एक चिठ्ठी चुकीच्या खणात गेल्याची शंका आली म्हणून. ती बरोबर जागी होती. त्यांनी बघितलं आणि मग निवांत आजारी पडायला घरी गेले. या माणसांचा हात चुकीच्या जागी जातच नाही. चोरी करतानासुद्धा जाणार नाही.

तर मग पुडकं अशा खणात असणार, जिथे ते ठेवणाऱ्याच्या लेखी बरोबर आहे. अर्थ बघणारा माणूस ते अर्थाच्या शेजाऱ्यापाशी ठेवील, ‘एन्व्ही’पाशी. उतारे गोळा करणारा ठेवील ‘नॉट’पाशी, कारण त्याला हा शब्द सदैव नकाराच्या संगतीत भेटलाय. आणि मूळ शोधणारी ठेवील ‘ग्रज’पाशी.

पुडकं जिथे सापडेल, तिथे चोराची सही असेल.

मावशी उठली. आधी कुठे जायचं याचा विचार तिने केला नाही. पाय आपणहून ‘जी’च्या कपाटाकडे वळले.

८. तीन खण

‘ग्रज’. नव्हतं.

मावशीने तो खण दोनदा पाहिला, मग खालचा, वरचा. सणकून राग आला तिला. पुडकं नसल्याचा. म्हणजे ती बाई निर्दोष असल्याचा. स्वतःचा हा राग तिने नीट पाहिला आणि खण लावला.

‘एन्व्ही’. नव्हतं.

‘नॉट’. तिथेही नव्हतं.

साडेतीन वाजले. पाच माणसांतली तिघं संपली. चौथी ती स्वतः.

९. पेटी

नाना विश्वस्तांसाठी खुर्च्या लावून घ्यायला बाहेर गेले होते. मावशी त्यांच्या खोलीत शिरली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा उलट्या सूचीच्या पेटीचं झाकण उचललं.

नानांच्या लेखी शब्दाची बरोबर जागा इंग्रजीत नव्हतीच. ती मराठीत होती. तिने बोटांनी पत्ते मागे सारले. फ, ब. बखर, बगल, बघणे.

‘बघवणे’च्या पत्त्यामागे, दोऱ्याची तिचीच गाठ तशीच ठेवून, ‘बिग्रज’चं पुडकं उभं होतं.

“ते तिथलंच आहे,” दारातून नाना म्हणाले.

मावशी वळली. त्यांनी आत येऊन दार लोटलं. बसले नाहीत.

“सहा वाजता तुम्ही होतात कपाटापाशी,” ती म्हणाली. “पुटपुटत होतात.”

“माझा अर्थ म्हणून बघत होतो. अडीच ओळींचा. मग तिचा. परत माझा. परत तिचा.” त्यांनी पेटीवर हात ठेवला. “दहा वेळा म्हटला असेल. दर वेळी तिचाच बरा.”

“मग निवडलीत कशाला?”

“बरा होता म्हणून.”

“आणि चोरलंत कशाला?”

“बरा होता म्हणून,” नाना म्हणाले.

बाहेर कोणीतरी खुर्ची ओढली.

“ती पाचला गेली होती. तुम्हीच सोडलं होतंत,” मावशी म्हणाली. “ती नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी सकाळी माझ्यासमोर तिच्यावर शिंतोडे उडवलेत. आणि तपास दिलात तो मला. अर्थवाल्यांना नाही, वापरवाल्यांना नाही. मलाच का?”

“तुम्ही चांगल्या...”

“नाना.”

त्यांनी डोळे चोळले. “तिचं कौतुक चाललेलं असताना मी बघितलंय तुमच्याकडे. दोन वर्षं. मला वाटलं, तुम्ही दुसरीकडे बघणारच नाही.”

मावशीला कोणीतरी सगळ्यांसमोर तिचीच वही मोठ्याने वाचून दाखवल्यासारखं झालं. तिने दोन वर्षं जे दातांखाली धरून ठेवलं होतं, ते या माणसाने कधीच वाचून काढलं होतं. वाचलं होतं आणि हत्यार म्हणून वापरलं होतं.

“अजून दीड तास आहे,” नाना हलकेच म्हणाले. “पुडकं ‘ग्रज’मध्ये सापडलं म्हणून सांगा. कोणालाही पटेल, तिचाच प्रांत तो. ती जाईल. नोंद राहील. बावीस वर्षं प्रत्येक नोंद तुमच्या हाताखालून गेलीय, मावशी. खाली तुमचं नाव आलं तर खोटं कोण म्हणेल?”

मावशीने पुडकं उचललं आणि बाहेर पडली.

१०. आठ पावलं

नानांच्या दारापासून ‘जी’चं कपाट आठ पावलांवर. तिने ती टाकली. खण उघडला. ‘ग्रज’शेजारी मघाशी तिच्याच बोटांनी झालेली जागा अजून होती.

जागा चुकीची नव्हती. तीच तर पंचाईत होती. भलता खण असता तर हातच थांबला असता, मनाला कष्ट पडले नसते.

पाठीमागे खिडकीशी व्युत्पत्तीवाली बसली होती, या सगळ्याकडे पाठ करून. फोनवर आईला सांगत होती, की गोळी जेवणानंतरची आहे, आधीची नव्हे, आणि नोकरीचं काय होतंय ते संध्याकाळी कळेल. पाठ ताठ होती. आवाज मात्र तसा नव्हता.

मावशीने गाठ सोडली. पहिली चिठ्ठी नानांची, पिवळी पडलेली. “दुसऱ्यास एखादी इष्ट गोष्ट प्राप्त झाली असता तज्जन्य असूयेने अंतःकरणास क्लेश होणे व ती त्यास मिळावयास नको होती असे वाटणे.” शेवटची चिठ्ठी खिडकीजवळच्या बाईची. “न बघवणे.”

कुठे वाढवायला जागा नाही. काढायला तर नाहीच नाही. या नोंदीत आपण एक स्वल्पविराम तरी सुचवला होता का, हे मावशीने आठवून पाहिलं. नव्हता सुचवला.

नोंद उत्तम होती. ते बघवत नव्हतं, पण दिसत होतं.

तिने ‘जी’चा खण लावला, ‘बी’चा उघडला आणि पुडकं फटीत बसवलं. मग नानांच्या दारात जाऊन उभी राहिली.

“पाचला तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते.”

११. पाच

विश्वस्त दोघे होते. एक सारखा घड्याळाकडे बघणारा आणि दुसरा त्याच्या घड्याळाकडे.

“पुडकं सापडलंय,” नाना म्हणाले. “माझ्या पेटीत होतं.”

“असं होय!” अर्थवाल्यांनी टाळीच वाजवली. “उलट्या सूचीसाठी नेलं असणार तुम्ही! तरीच! आणि आम्ही दिवसभर एकमेकांकडे चोर-चोर म्हणून बघतोय.”

खोलीतला ताण एकदम सैल पडला. वापरवाले हसले. घड्याळवाले विश्वस्त म्हणाले, “चला, मिटलं.” नानांना आता फक्त मान हलवायची होती. बोलायचीही गरज नव्हती. मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. ते तिच्याकडे बघत नव्हते.

“नाही,” नाना म्हणाले. “नेलं नव्हतं. लपवलं होतं. मला हिचं बघवलं नाही.”

वापरवाल्यांचा हात सवयीने खिशातल्या कोऱ्या चिठ्ठीकडे गेला आणि तसाच रिकामा बाहेर आला.

नाना खोलीत गेले, आणि ती लांबट पेटी छातीशी धरून परत आले. ती त्यांनी मोठ्या टेबलावर, सगळ्यांच्या हाताला येईल अशी ठेवली. “यापुढे ही इथे राहील,” म्हणाले, आणि विश्वस्तांना घेऊन पायऱ्यांकडे वळले. खाली बराच वेळ बोलण्याचा आवाज येत होता. पेटीला मात्र कोणी हात लावला नाही.

१२. प्रूफ

“बस,” मावशीने बेसिनजवळच्या स्टुलाकडे बोट केलं. “चिठ्ठ्या तू वाच, प्रूफ मी बघते. विश्वस्त खाली खोळंबलेत.”

व्युत्पत्तीवाली बसली. वाचायला सुरुवात मात्र केली नाही.

“एक सांगू? सकाळी नानांनी मला विचारलं, कोणावर संशय आहे? मी तुमचं नाव घेतलं.”

“माझं? का गं?”

“माझ्या प्रत्येक प्रूफात तुम्ही एक तरी चूक काढता. बाकीच्यांच्यात काढत नाही.”

“बाकीच्यांच्यात नसते.”

“असते. मी मागून बघते सगळं.” तिने चिठ्ठ्यांच्या कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या. “आणि सगळे तुमच्याच टेबलाशी येतात. रडायला, हसायला, बायकोच्या तक्रारी सांगायला. माझ्याकडे येतात ते कामापुरते. नानासुद्धा चहाला बसले ते एक धातू विचारायला. मला वाटायचं, काय आहे या बाईंच्यात?”

मावशीने प्रूफ खाली ठेवलं. मग जे बोलली ते सोपं नव्हतं.

“मी पुडकं शोधायला आधी ‘जी’च्या कपाटाशी गेले. तिथे सापडावं अशी इच्छा होती माझी.”

“माहितीये. खिडकीच्या काचेत दिसत होतात. दोनदा गेलात. दुसऱ्यांदा हातात पुडकं होतं.”

बेसिनचा नळ थेंब-थेंब गळत होता. मावशीने तो घट्ट पिळला.

“मग ओरडली का नाहीस?”

“बघत होते, काय करताय.”

“आणि मी ते ठेवलं असतं तर?”

“तर मी तुमच्याशी जन्मात बोलले नसते.” तिने पहिली चिठ्ठी उचलली. “आत्ताही बोलायचंय की नाही ते ठरवलेलं नाही. वाचू?”

“वाच.”

तिने वाचलं. मावशीचं पेन ओळीखालून सरकत गेलं. अर्थ बरोबर. मूळ बरोबर. उतारे एकेक, एकोणतीस नकार, पाच दुसऱ्यांबद्दलचे, सगळे जागच्या जागी. शेवटी खाली, उजव्या कोपऱ्यात, नाव. ते मावशीने दोनदा वाचलं. एकदा अक्षरं बघायला आणि एकदा, कुठे एखादी वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झालीय का, एखादा काना निसटलाय का, हे बघायला. निदान टंक तरी किंचित वर-खाली. तिने भिंग लावलं.

काही नव्हतं. नाव स्वच्छ छापलेलं होतं, मोठं आणि ठसठशीत.

“झालं का, मावशी?”

“थांब जरा.”

अजूनही टोचत होतं. ते जाईल, असं तिला वाटलं नाही. तिने पेनचं टोपण काढलं, समासात लिहिलं, ‘छापण्यास हरकत नाही’, आणि खाली सही केली. सही जरा जोरात झाली. कागद फाटला नाही, एवढंच.